ट्रॅक्टरचा खांदा

आमचा जुना ट्रॅक्टर कायम उतारावर उभा असायचा. मारुतीच्या देवळामागून आमच्या घराकडे रस्ता उतरतो, त्याच्या वरच्या टोकाला, चाकापुढे एक मोठा दगड लावून. सकाळी दगड काढायचा, क्लच दाबून गिअर टाकायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. एक हिसका बसायचा, धुराड्यातून काळा धूर निघायचा आणि इंजिन सुरू. पाहुण्यांना आमच्या घराचा पत्ता सांगताना गावातले लोक म्हणायचे, उतारावर लाल ट्रॅक्टर दिसला की डावीकडे वळा.

हे हौसेनं नव्हतं. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत नव्हती. इंजिन फिरलं की पट्ट्यानं डायनामो फिरतो, डायनामो वीज तयार करतो, आणि ती बॅटरीत किती जाऊ द्यायची हे रेग्युलेटरची एक काळी डबी ठरवते. आमच्याकडचे मेकॅनिक तिला कटआउट म्हणतात. समोर एक लहानसा मीटर असतो. काटा उजवीकडे गेला तर बॅटरी भरते आहे, डावीकडे गेला तर रिकामी होते आहे. आमचा काटा सात वर्षांपासून डावीकडेच झुकलेला होता. मधूनमधून मी बॅटरी काढून काळीपिवळी जीपमध्ये टाकून तालुक्याला, दारव्ह्याला चार्जिंगला नेत असे. माझ्या तीन साड्यांना तिच्या ॲसिडची भोकं आहेत आणि त्या जीपवाल्यानं एकदा मला बॅटरीचंही तिकीट मागितलं होतं.

ट्रॅक्टर माझ्या लग्नाच्या आधीचा. नव्हे, माझ्या जन्माच्याही आधीचा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, तो तरुणपणी कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनीच मला तो चालवायला शिकवला. सुनेला पुढे आणावं वगैरे असला विचार त्यात मुळीच नव्हता. मिस्टरांचा पाय मोडला होता, धाकटा दीर शिकत होता आणि पेरणी तोंडावर आली होती. मी बारावीपर्यंत सायन्स शिकलेली एवढंच भांडवल घेऊन सीटवर बसले आणि मग उतरलेच नाही.

चार वर्षांपूर्वी घरात नवा, मोठा ट्रॅक्टर आला. तो मिस्टर आणि दीर चालवतात. त्यावर माझ्यासाठी जागा आहे, मडगार्डवर. एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सांभाळत, खड्डा आला की अंग उचलत. जुन्या ट्रॅक्टरवर मात्र मी कधी निघायचं, कोणत्या वावरात आधी जायचं, परत केव्हा यायचं, हे माझं मी ठरवत असे. म्हणून त्या उतारावरच्या लाल लोखंडात माझा जीव अडकलेला होता, आणि हे मला कुणी विचारलं असतं तर मी कबूलही केलं नसतं.

गेल्या श्रावणात कपाशीवर फवारणी चालली होती. मी पाण्याची टाकी जोडून निघाले आणि नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे ठेंगण्या पुलाच्या, अलीकडे, चिखलात, ट्रॅक्टर बंद पडला. तिथं उतार नाही. आजूबाजूच्या वावरांतून तीन माणसं बोलावली, चौथे आमचे दीर. चौघांनी धक्का मारला. ट्रॅक्टर सुरू झाला आणि दीर पुढच्या पुढे चिखलात आडवे झाले. मला हसू आलं. ते आलं नसतं तर पुढचं कदाचित झालं नसतं.

संध्याकाळी ओसरीवर, डोक्याचे केस अजून ओले असताना, त्यांनी विषय काढला.

"वहिनी, आता बस झालं. पोळा झाला का मी भंगारवाल्याले बोलावतो."

"कायले? इंजिन कसं चालते ते दिसत नाही का तुमाले?"

"इंजिन चालते वो. पण सुरू कोन करन? मी का जलमभर धक्केच मारू?"

मिस्टरांनी "पाहू" म्हटलं. ते कोणत्याही भांडणात "पाहू" म्हणतात. पण या वेळी मला दिसत होतं की दिरांचं म्हणणं त्यांना पटलेलं आहे. खरं सांगायचं तर मलाही पटलेलं होतं. जो ट्रॅक्टर वावरात बंद करता येत नाही, दिवसभर रिकामा डिझेल पीत उभा ठेवावा लागतो, त्याची बाजू कुठवर घेणार? पण माझा एक अवगुण आहे. माझ्यासमोर कुणी एखाद्या गोष्टीचा निकाल लावला की तो मला फिरवावासा वाटतो.

"पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी," मी म्हटलं, "आंगणात, सपाट जाग्यावर, चाबी फिरवल्याबरोबर सुरू झाला तं राहू द्या. नाही तं न्या खुशाल."

"अन् दारव्ह्याहून चार्ज करून आणली तं?"

"आजपासून बॅटरी घराबाहेर जानार नाही. तिले भरन तं हाच ट्रॅक्टर भरन."

दीर हसले. पोळ्याला सतरा दिवस होते.

मामाजी बाजेवर पडून ऐकत होते. ऐंशी कधीच ओलांडलेले, हात थरथरतात, पण कान शाबूत. ते म्हणाले, "त्याचा प्लस बॉडीले राह्यते. ध्यानात ठेव." एवढंच, आणि कूस बदलली.

ते खरं होतं. आताच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस लोखंडाला जोडतात. या विलायती बनावटीच्या जुन्या ट्रॅक्टरचं उलटं, प्लस लोखंडाला. मागे एका मेकॅनिकनं "तुमचं सगळं उलटं जोडलं आहे" म्हणून ते सुलटं करायला घेतलं होतं आणि मामाजींनी त्याला काठी दाखवून बाजूला केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बॉनेट उघडलं आणि वायरिंग बघून कपाळाला हात लावला. मूळ वायर शोधूनही सापडेना. मोटारपंपाच्या केबलचा तुकडा, त्याला रेडिओची वायर, तिला पिळा मारून टॉर्चची वायर, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सुतळी. एका जागी उंदरांनी घर केलं होतं. यातले निदान तीन जोड माझ्या हातचे होते, तेव्हा शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं. मी सगळं उपटून काढलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. डायनामोतून दोन तारा निघतात, जाड तार विजेची, बारीक तार आतल्या चुंबकाला ताकद देणारी. दोन्ही डबीत जातात. डबीतून एक मीटरमार्गे बॅटरीला. आणि चौथी जोडणी तारेची नाहीच. ती म्हणजे खुद्द लोखंड. डबीचे दोन पाय ट्रॅक्टरच्या पत्र्यावर बोल्टनं बसतात आणि तिथूनच वीज परतीची वाट धरते.

आठवडी बाजाराच्या दिवशी डायनामो पिशवीत घालून मांडीवर घेतला आणि दारव्ह्याला गेले. तिथं एक म्हातारे कारागीर आहेत, मोटारी आणि डायनामोंची आतली तांब्याची तार भरून देतात. त्यांनी डायनामोला बॅटरीच्या दोन तारा लावल्या. तो घुं करून फिरायला लागला.

"डायनामो बढिया आहे, बाई. याले हात लावू नका. जोडून कोन राह्यलं?"

"मीच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता घरातल्या माणसाला पाठवा म्हणतील. त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर डबीचं चित्र काढून तिच्या खुंट्यांची अक्षरं लिहिली. मग म्हणाले, "सगळं जोडलं का बॅटरीची जिवंत तार बारीक तारेच्या खुंटीले एक डाव चाटवा. ठिणगी पडन. भेऊ नका. डायनामोले सांगा लागते, प्लस कोन्या बाजूले आहे थे." निघताना एक जुनी डबीही हातात ठेवली. "तुमची खराब असन तं हे लावून पाहा. नाही चालली तं वापस आना."

चार दिवसांत मी नवी वायर टाकली. जोड पिळून, फिरत्या भागांपासून दूर, पत्र्याच्या कडेला रबर लावून. खुंटीला तार चाटवली, ठिणगी पडली, मी भ्यायले नाही. थोडी भ्यायले. ट्रॅक्टर उतारावरून सोडला, सुरू झाला आणि मी काट्याकडे पाहिलं. काटा डावीकडे.

डायनामोच्या जाड तारेला बल्ब लावून पाहिला. इंजिनचा वेग वाढवला तसा बल्ब पिवळा, पांढरा, निळसर होत गेला आणि फटकन उडाला. म्हणजे डायनामो वीज देत होता, नको तेवढी देत होता. डबी तिला ना आवरत होती, ना पुढे जाऊ देत होती. मग डबीच खराब. मी त्याच जागी, त्याच बोल्टांवर कारागिरांची डबी बसवली. काटा डावीकडे. दुसरा बल्बही उडाला.

त्या दिवशी मी पाना अंगणात भिरकावला आणि तो कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळला. मिस्टर म्हणाले, "राहू दे आता." दिरांनी पाना उचलून माझ्यापाशी आणून ठेवला, ते मला जास्त लागलं. जेवताना त्यांची बायको हळूच म्हणाली, "बैल गेले त्याच साली चार्जिंग गेलं, नाही का हो? बैलाइचा तळतळाट असन." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ती बिचारी खरं तेच सांगत होती. त्या वाक्यात सगळं उत्तर होतं आणि मी ते ताटावरून उठताना झटकून टाकलं.

पोळ्याला चार दिवस उरले. डबीच्या आत काय होतं ते तरी पाहावं म्हणून मी ट्रॅक्टर चालू ठेवला, डबीचे बोल्ट काढले आणि तारांसकट ती हातात घेऊन झाकण उघडायला लागले. तेवढ्यात तिचा पाय स्टिअरिंगच्या खालच्या एका उघड्या नटाला टेकला. आत टक् असा आवाज आला. काटा उडी मारून उजवीकडे गेला.

मी हात मागे घेतला. काटा पडला. पुन्हा टेकवला, टक्, उजवीकडे. डबी तिच्या जागेवर ठेवली, काटा मेला. माझ्या हातात ती जिवंत होती आणि स्वतःच्या घरात मुकी. मी हे किती वेळा केलं मोजलं नाही. मग इंजिन चालूच ठेवून विळा घेतला आणि त्या पत्र्यावरचा लाल रंग खरवडायला लागले.

रंग भुगा होऊन निघाला नाही. सालपटासारखा एकच तुकडा सुटून हातात आला. उलटून पाहिला तर खालची बाजू पिवळी होती. वास घेतला. जुन्या, खवट तुपाचा वास.

मी तिथंच चाकाला टेकून खाली बसले.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप आणि हळद चोळतात आणि बैलांना जेवणाचं आवतन, म्हणजे बोलावणं, देतात. घरात गडी कितीही असोत, ते काम मालकानं स्वतःच्या हातानं करायचं, हा मामाजींचा कडक नियम. सात वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि आमची शेवटची जोडी विकली. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते वाटी घेऊन ओसरीत नुसते उभे राहिले. मग काठी टेकत ट्रॅक्टरपाशी गेले. दोन्ही मुलं हसली. मामाजींनी मला विचारलं, अगदी गंभीरपणे, "बाई, याचा खांदा कोनता?"

मला त्यांची इतकी दया आली की मी हसले नाही. बॉनेटच्या मागचा, स्टिअरिंगपुढचा पत्रा दाखवला. "हा असन, मामाजी." त्यांनी तिथं तूप-हळद चोळली, डबीच्या सगळ्या बाजूंनी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बैलांना जसं सजवतात तसं, मी ट्रॅक्टर रंगवायला घेतला. नीट काम करायचं म्हणून डबी काढून ठेवली. पूजेची हळद पुसायची कशी, म्हणून पुसली नाही. तिच्यावरूनच लाल तेलरंगाचे दोन जाड हात दिले. गंजू नयेत म्हणून दोन्ही बोल्टही रंगात बुडवून बसवले. लोखंड आणि डबीच्या पायांमध्ये तूप, हळद आणि रंग. वीज परत जाणार कुठून? पुढची सहा वर्षं मामाजी दर पोळ्याला तिथंच तूप लावत राहिले आणि मी दर पोळ्याला वरून रंग देत राहिले.

मला स्वतःची लाज वाटली. सात वर्षं मी उंदरांना, डायनामोला, मेकॅनिकांना आणि जावेला बोल लावले होते. आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला, कारण माझी चूक असेल तर ती मला काढता येणार होती. मी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट नवे घातले, डबी घट्ट आवळली. काटा उजवीकडे गेला आणि तिथंच राहिला. मी कुणाला हाक मारली नाही. पुढचे तीन दिवस रोज पाण्याची टाकी घेऊन वावरात गेले आणि नवं खेळणं मिळाल्यासारखी मिनिटामिनिटाला त्या काट्याकडे पाहत राहिले.

मामाजींना मात्र सांगणं भाग होतं. तूप पुन्हा तिथंच गेलं तर चिरेत मुरून तीच गत होणार. पोळ्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या बाजेपाशी बसले.

"मामाजी, खांदा चुकला आपला."

सगळं सांगितलं. ते दुखावतील असं वाटलं होतं. त्यांनी कोपर टेकून मान उचलली.

"बैल खांद्यानं वढते," ते म्हणाले. "हा कशानं वढते?"

"मागच्या हुकानं. टाकी, ट्रॉली, सारं तिथंच अडकवतो."

"मंग सात साल आपुन त्याच्या तोंडाले तूप चोपडलं," ते म्हणाले आणि त्यांना असा ठसका लागला की मला पाणी आणावं लागलं. हसण्याचा ठसका होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रॅक्टर अंगणात आणला आणि बंद केला. सगळ्यात सपाट जागा दिरांनी स्वतः निवडली. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरी पाहिली, तिच्यावरची धूळ पाहिली, दुसरी कुठली वायर लपवली आहे का ते खाली वाकून पाहिलं. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं. मिस्टर, जाऊबाई, शेजारची दोन माणसं, सगळे उभे. मी सीटवर चढले. चाबी फिरवली.

ट्रॅक्टरनं स्वतः भरलेल्या बॅटरीवर स्टार्टरचा घर्र आवाज आमच्या अंगणात सात वर्षांनी आला. इंजिन दुसऱ्याच फेऱ्याला लागलं. मी लाइट लावले, समोरची भिंत पिवळी झाली आणि तरी काटा उजवीकडेच.

"बंद करा," दीर म्हणाले. मी बंद केला. "पुन्हा." पुन्हा सुरू केला. "अजून एक डाव." अजून एकदा.

तिसऱ्यांदा इंजिन लागल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "ठेवा मंग, वहिनी," ते म्हणाले. "भंगारवाल्याले सांगून देतो." आणि मग, जरा तिरपं बघत, "धक्का माराची सवय मोडा लागन मले."

तेवढ्यात मामाजी वाटी घेऊन ओसरीवरून उतरले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी, वाटीवर पळसाचं पान, तूप हिंदकळून बोटांवर आलेलं. मी इंजिन बंद करून खाली उतरले आणि त्यांना आधार द्यायला गेले. ते ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला गेले, हुकापाशी थांबले. मला वाटलं, वाकता येत नाही म्हणून थांबले असतील. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली.

"धर."

"मी? तुमीच लावा ना, मामाजी. मी तुमाले धरतो."

"खांद मालकानं शेकाची राह्यते," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं, आणि बोलताना दोन्ही मुलांकडे पाहिलं. मग वाटी माझ्या हातात सोडून दिली.

कुणी हसलं नाही. मिस्टरही "पाहू" म्हणाले नाहीत. मी खाली बसले. ग्रीस आणि चिखलानं काळ्या झालेल्या हुकाला पळसाच्या पानानं तूप-हळद चोळली, वरून, खालून, पिन जिथं अडकते त्या भोकाच्या आतूनही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग मामाजी दरवर्षी म्हणत आले ते मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं म्हटलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आवाज जरा जास्तच मोठा निघाला.